होकार कोणाचा, जीव कोणाचा?

दोन राज्यांत लढाई जुंपली म्हणजे तिसऱ्याच्या दारात दोहोंकडचे दूत येऊन उभे राहतात, ही रीत फार जुनी आहे. 'आमची बाजू न्यायाची आहे, तुम्ही आमच्याकडून या,' असे दोघेही सांगतात. मग त्या तिसऱ्याच्या घरात वाद उठतो. कोणी म्हणतो, मित्र संकटात असता घरात बसणे हा नामर्दपणा. कोणी म्हणतो, दुसऱ्याच्या भांडणात आपली पोरे का घालवावयाची? २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर स्वारी केल्यापासून हा वाद जगात पुष्कळ देशांत नव्याने ऐकू येऊ लागला. आणि वारीच्या मुक्कामावर हरिपाठ आटोपून मंडळी जरा पाय पसरून बसली म्हणजे आपल्या लोकांतही त्याची चर्चा निघते. निघाली की एक प्रश्न हटकून येतो : गळ्यात माळ घातलेल्या माणसाने या वादात काय म्हणावे?

काही भाविक म्हणतात, 'अहो, आपण टाळकरी माणसं. आपल्याला काय करायचंय त्या राजकारणाशी? दिल्लीवाले बघून घेतील.' हे बोलणे नम्रपणाचे दिसते, पण ते पुरते खरे नाही. ज्या घराच्या देव्हाऱ्यात विठोबा-रखुमाईची तसबीर असते, त्याच घराच्या भिंतीवर पुष्कळदा फौजेतल्या मुलाचा गणवेशातला फोटोही असतो. युद्धाचा निर्णय दिल्लीत होतो हे खरे; पण वाईट निरोप यावयाचा झाला तर तो याच घरी येतो. तेव्हा हा प्रश्न आपलाही आहे, आणि आपल्या संतांनी बांधून दिलेल्या शिदोरीवर त्याचा विचार करण्यात गैर काही नाही, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक गोष्ट वेगळी काढून ठेवू. आम्ही संगमेश्वरकर. शास्त्री आणि सोनवी यांच्या संगमावरचा हा आमचा गाव लढाईला अनोळखी नाही. १६८९ च्या फेब्रुवारीत मुकर्रबखानाने घाट उतरून अचानक छापा घातला आणि छत्रपती संभाजी महाराजांना व कवी कलशांना येथेच पकडले. लढाई अशी दारात येते तेव्हा सामील व्हावे की न व्हावे, हा वादच उरत नाही. आपल्या घराला आग लागली असता पाणी कोणी ओतावे याची कोणी सभा भरवीत नाही. १९६२ साली चीनची फौज हिमालय उतरू लागली तेव्हाही हा वाद नव्हता. आपला प्रश्न निराळा आहे. आग दुसऱ्याच्या घराला लागली आहे, बोलावणे आपल्याला आले आहे, आणि जावयाचे तर जीव हातावर घेऊन जावयाचे आहे. अशा वेळी होकार द्यावा की नकार? आणि तो देण्याचा अधिकार कोणाचा?

उद्योगपर्वातील कथा आपण कीर्तनात किती वेळा ऐकली असेल! भारतीय युद्ध ठरले, तेव्हा कौरव-पांडवांनी चहूकडे मदतीची बोलावणी धाडली. आता त्या कथेत ज्यांना बोलावले, किंवा जे आपण होऊन आले, त्यांची उत्तरे एकापुढे एक मांडून पाहा. बलरामाचे दोन्हीकडे नाते. तो कोणाकडूनच लढला नाही. सरस्वतीकाठच्या तीर्थयात्रेला निघून गेला. रुक्मी, म्हणजे आपल्या रखुमाईचाच भाऊ, एक अक्षौहिणी सेना घेऊन आला आणि अर्जुनाला म्हणाला, भ्याला असशील तर मी आहे. अर्जुनाने त्याला वाटेला लावले. मग तो दुर्योधनाकडे गेला. त्यानेही ठेवून घेतले नाही. ज्या मदतीत मिरवण्याचाच भाग मोठा, ती कोणालाच नको असते. मद्रराज शल्य हा नकुल-सहदेवांचा मामा. तो पांडवांकडे यावयास निघाला होता. दुर्योधनाने वाटेत जागोजाग त्याच्या मुक्कामाची अशी बडदास्त ठेवली, की हे सर्व धर्मराजाने केले असे समजून शल्य प्रसन्न झाला, 'माग काय हवे ते' म्हणून बसला, आणि शब्दात अडकून भाच्यांच्या विरुद्ध उभा राहिला. पुढे तो कर्णाचा सारथी झाला, आणि भर रणात ज्याचा रथ हाकावयाचा त्याचाच धीर खचवीत राहिला. पाहुणचाराच्या ओझ्याखाली दिलेला होकार शेवटी असाच कुजतो.

आणि श्रीकृष्ण! दुर्योधन उशाशी बसला, अर्जुन पायथ्याशी. एकीकडे सारी नारायणी सेना, दुसरीकडे शस्त्र न धरणारा मी एकटा, निवडा. अर्जुनाने देवाला मागितले, दुर्योधन सेना घेऊन आनंदाने गेला. आपण अर्जुनाच्या भक्तीवर माना डोलावतो, ते योग्यच आहे. परंतु येथे एक बारीक प्रश्न मनात येतो, तो दाबून ठेवण्यात अर्थ नाही. त्या नारायणी सेनेला कोणी विचारले? ते यादव वीर आपल्याच धन्याच्या समोर उभे राहून लढले आणि पडले. त्यांच्या घरी द्वारकेत काय बोलणे झाले असेल, ते कथेत येत नाही. देवाची लीला देव जाणे. आपण प्रपंचातली माणसे एवढेच पाहू, की देवाने सेना दिली तरी स्वतः मागे राहिला नाही. सारथ्याची जागा रथात पुढे असते. समोरून येणारा बाण आधी सारथ्याच्या अंगावर येतो, मग रथीच्या. अर्जुनाला 'ऊठ, लढ' असे सांगणारा तो द्वारकेच्या वाड्यात बसून सांगत नव्हता. हातात शस्त्र नसताना घोड्यांच्या शेपटापाशी बसून सांगत होता. ज्ञानोबारायांनी ज्या गीतेवर आपल्या मायबोलीचा शेला पांघरला, ती गीता या जागेवरून सांगितलेली आहे. ही जागा ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम आहे.

आता पुराण बाजूला ठेवून आपल्याच काळाकडे येऊ. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर करून टाकले. मध्यवर्ती कायदेमंडळाला पुसले नाही, लोकांनी निवडून दिलेल्या प्रांतिक मंत्रिमंडळांना पुसले नाही. शल्याला निदान जेवू तरी घातले होते! येथे सुमारे चाळीस कोटींचा देश नारायणी सेनेसारखा परस्पर देऊन टाकला गेला. त्यावर जो वाद उठला, तो या देशात अशा प्रश्नावर झालेला सर्वांत मोठा वाद म्हणावा लागेल. आणि आम्हां कोकणवासीयांना त्याचे विशेष अगत्य असे, की त्यात बोलणारी कितीतरी माणसे आमच्या या लाल मातीशी बांधलेली होती.

मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री त्या वेळी बाळासाहेब खेर होते. त्यांचा जन्म रत्नागिरीचा. १९३९ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या विधानसभेत युद्धावर चर्चा झाली. लोकांना न विचारता देशाला युद्धात ओढले याबद्दल खेद व्यक्त करणारा ठराव त्यांच्या बाजूने आला, आणि पुढे लवकरच त्यांनी व त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामे दिले. त्याच चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांचे मूळ गाव आंबडवे, आमच्याच जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातले. त्यांच्या बोलण्याचा आशय असा : माझे हित आणि देशाचे हित यांत विरोध आला तर मी देशाला वरचे स्थान देईन, पण देशाचे हित आणि अस्पृश्यांचे हित यांत विरोध आला, तर मी अस्पृश्यांच्या बाजूने उभा राहीन. सभागृहात हे अनेकांना झोंबले. पण त्याचा गाभा पाहिला तर तो आपल्याच प्रश्नाचा गाभा आहे. तुम्ही देशाच्या नावाने हो म्हणा की नाही म्हणा. त्या देशात आम्ही धरलेले आहोत काय?

हे बोलणे हवेतले नव्हते. बाबासाहेबांचे वडील रामजी सुभेदार फौजेतले. महार समाजातील तरुणांची भरती त्यांच्याच हयातीत बंद झाली होती. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ साली महारांची एक पलटण उभारली. युद्ध सरल्यावर १९२१ साली ती मोडून टाकली. दुसरे महायुद्ध आले, तेव्हा १९४१ साली बेळगावला पुन्हा महार रेजिमेंट उभी राहिली. लढाई आली की हाक मारावयाची आणि लढाई सरली की घरचा रस्ता दाखवावयाचा, असे ज्यांच्या बाबतीत घडले, त्यांनी 'हा होकार कोणाचा?' असे विचारले तर त्यात नवल कसले?

स्वातंत्र्यवीर सावरकर १९२४ पासून १९३७ पर्यंत रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांनी युद्धकाळात सांगितले, की तरुणांनी फौजेत शिरावे. इंग्रजांच्या प्रेमासाठी नव्हे, तर शस्त्रविद्या आपल्या हाती यावी म्हणून. मानवेंद्रनाथ रॉय आणि त्यांच्या विचाराचे आपल्याकडील तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांचे मत असे, की हिटलरशाही हा साऱ्या मानवजातीचा शत्रू आहे, म्हणून हे युद्ध आपलेच मानले पाहिजे. कम्युनिस्ट पक्ष आधी याला साम्राज्यवाद्यांचे युद्ध म्हणत होता. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर तेच त्याच्या लेखी लोकयुद्ध झाले. सुभाषबाबू तर देशाबाहेर निसटले आणि इंग्रजांच्या शत्रूंची मदत घेऊन आझाद हिंद सेनेचे पुढारी झाले. आणि जुन्या कुलाबा जिल्ह्यातील गागोद्यात जन्मलेले विनोबा? १९४० च्या ऑक्टोबरात गांधीजींनी त्यांना पहिला वैयक्तिक सत्याग्रही म्हणून निवडले. या युद्धाला माणसांनी किंवा पैशांनी मदत करणे गैर आहे, एवढेच त्यांनी पवनारला उघडपणे सांगितले, आणि ते शांतपणे तुरुंगात गेले.

त्याही आधी, १९१८ साली, असाच वाद झाला होता. रत्नागिरीत जन्मलेले लोकमान्य टिळक म्हणाले होते, मदत करू, पण स्वराज्याचे काय ते बोला. मुंबईच्या युद्धपरिषदेत त्यांनी हा विषय काढताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना मध्येच अडविले, आणि लोकमान्य परिषद सोडून बाहेर पडले. त्यांच्या चरित्रांत अशीही नोंद आहे, की हिंदी माणसांना फौजेत अधिकाराच्या जागा मिळवून द्या, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसे देतो, असे सांगून त्यांनी हमीदाखल पन्नास हजार रुपयांचा चेक गांधीजींकडे पाठविला होता. मदत करावयाची तर ती विनाअट करावी, असे गांधीजींचे त्या वेळचे मत. त्यांनी चेक परत केला. आपण कोणाचेही मत पसंत करा. पण या माणसांनी नुसते तोंड वाजविले नाही, काही पदरचे पुढे ठेवले, एवढे दिसते की नाही?

या सर्वांत बरोबर कोण? आम्हांस वाटते, येथेच बहुतेकांची फसगत होते. जो तो युद्धाचे कारण न्याय्य आहे की नाही एवढेच तपासतो. हिटलरच्या राजवटीने सुमारे साठ लाख ज्यूंचा संहार केला. ती राजवट मोडणे हे पुण्यकर्मच होते. यावर वाद घालणाऱ्याशी आम्ही वाद घालणार नाही. पण कारण न्याय्य असले म्हणून न विचारता दुसऱ्याचा मुलगा नेणे न्याय्य होत नाही. आणि न विचारता नेले म्हणून हिटलर काही चांगला ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या होत्या. यांतली एक सोयीची म्हणून हातात धरली आणि दुसरी खाली टाकली, की बोलणारा मोकळा होतो, पण जो जावयाचा आहे तो मोकळा होत नाही.

तो गेला म्हणजे काय होते, तेही पाहू. त्या युद्धात हिंदी फौजेत २५ लाखांवर माणसे भरती झाली. ८७ हजारांवर परत आली नाहीत. सक्तीची भरती नव्हती, सगळे आपखुशीने गेले, असे अभिमानाने सांगतात. त्यांतले पुष्कळ धैर्याने गेले, पुष्कळ पोटासाठी गेले, आणि पोटासाठी जाणे यात कमीपणा काही नाही. रायगड जिल्ह्यातले नाईक यशवंत घाडगे मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीचे सारे सोबती पडले. ते एकटेच शत्रूच्या मशीनगनवर चालून गेले, ती बंद पाडली, आणि तेथेच गोळी लागून पडले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावला त्यांचा पुतळा आहे. कोकणातल्या शेतकऱ्याच्या पोराचे इटलीतल्या नदीशी काय देणेघेणे होते? आणि तरी त्याने जे दिले त्याला तोड नाही.

किंमत फक्त रणांगणावर द्यावी लागली असेही नाही. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' नावाची बोट फुटली. तिच्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा होता आणि त्याच्या सोबतीला कापसाच्या गासड्या. शेकडो माणसे गेली. आग विझवावयास धावलेले अग्निशामक दलाचे ६६ जवान गेले. गोदीत बोजे वाहणारे हमाल कोकणातले, घाटावरले. युद्धाच्या वादात त्यांनी होकारही दिला नव्हता आणि नकारही. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि रंगूनचा तांदूळ बंद झाला. आमचा रत्नागिरी जिल्हा भाताचा खरा, पण घरच्या भातावर त्याचे वर्ष कधी निघत नसे. बाहेरचा तांदूळ बंद झाल्याची झळ प्रत्येक चुलीला लागली. आणि बंगालमध्ये? १९४३ च्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे अन्नावाचून आणि रोगांनी मेली. युद्धाची महागाई, बंद पडलेली आवक, शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून काढून घेतलेल्या होड्या आणि सरकारची बेपर्वाई, ही सारी कारणे त्यात एकवटली होती. त्या तीस लाखांची सही कोणत्या होकारावर होती?

म्हणून आम्ही या वादात एक माप सुचवितो. ते नवे नाही. श्रीकृष्णाच्या जागेवरून घेतलेले आहे. युद्धाला होकार देणाऱ्याने आपला वाटा काय ते आधी सांगावे. आणि नकार देणाऱ्यानेही आपला वाटा काय ते सांगावे. ज्या होकाराची सारी किंमत दुसऱ्याच्या घरून वसूल व्हावयाची आहे, तो होकार धर्माचा नव्हे. ज्या नकाराने आपले अंथरूण गरम राहते आणि शेजाऱ्याचे घर जळत राहते, तो नकारही धर्माचा नव्हे. या मापाने पाहिले, तर इटलीत पडलेले यशवंत घाडगे आणि तुरुंगात गेलेले विनोबा एकमेकांच्या विरुद्ध असूनही एकाच पंक्तीला बसतात. पंक्तीतून उठवावे लागतात ते निराळे : पारावर बसून 'घुसवा फौजा' म्हणणारे, आणि त्याच पारावर बसून 'मरू देत तिकडे' म्हणणारे.

यावर कोणी म्हणेल, 'तुमचे हे माप फार कडक आहे बुवा! मग काय, म्हाताऱ्या मंत्र्याने बंदूक घेऊन जावे? जो लढू शकत नाही त्याने बोलूच नये?' शंका रास्त आहे. पण श्रीकृष्णानेही शस्त्र धरले नव्हते. वाटा म्हणजे बंदूकच नव्हे. ज्या राज्यकर्त्याचे आप्तही इतरांच्या मुलांबरोबर रांगेत असतात, जो जाणाऱ्याच्या आईबापांसमोर उभा राहून कारण सांगू शकतो, जो मेलेल्यांचा आकडा लपवीत नाही, चुकले तर खुर्ची सोडतो, आणि परत आलेल्या लंगड्याला दहा वर्षांनीही ओळख देतो, त्याने आपला वाटा उचलला असे आम्ही म्हणू. आणि तुम्हां-आम्हां साध्या माणसांचा वाटा? महागाई सोसण्याची तयारी, जखमींची सेवा, आणि गावातून जो गेला त्याचे शेत पडीक पडू न देणे.

दुसरा कोणी म्हणेल, 'असे मोजमाप करीत बसलात तर संकटातल्या शेजाऱ्याला मदत कधी होणारच नाही.' याचे उत्तर आमच्या नदीकडे आहे. पावसाळ्यात शास्त्रीला पूर येतो, आमच्या बाजारपेठेत पाणी शिरते. पाण्यात कोणी अडकला तर दोर कमरेला बांधून एक जण उतरतो. पण उतरावयाचे की नाही ते उतरणारा ठरवितो. काठावरचे त्याला ढकलीत नाहीत. आणि एकदा तो उतरला, म्हणजे काठावरच्यांनी दोर सोडावयाचा नसतो, मग हाताची साले निघाली तरी बेहत्तर. देशाने मित्राच्या मदतीस जावयाचे तर याच रीतीने जावे. मदतीला आम्ही कधीच नाही म्हणत नाही. ढकलण्याला म्हणतो, आणि दोर सोडण्याला म्हणतो.

स्वतंत्र झाल्यावर आपल्या देशापुढे हा प्रश्न आला नाही काय? आला. १९५० साली कोरियात युद्ध पेटले. संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली अनेक देशांनी लढाऊ फौजा पाठविल्या. भारताने लढाऊ पलटण पाठविली नाही. लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली ६० वे पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक पाठविले. ते पथक गोळीबाराच्या छायेत सैनिकांच्या आणि तेथील नागरिकांच्याही जखमा बांधीत राहिले. युद्ध थांबल्यावर मायदेशी जावयास तयार नसलेल्या २२ हजारांवर कैद्यांचा प्रश्न दोन्ही पक्षांच्या गळ्यात अडकला. त्या कैद्यांना राखावयास १९५३ साली भारताची फौज गेली. तिचे प्रमुख आपले मराठी सेनानी जनरल शं. पां. थोरात. दोन्हीकडून संशय, दोन्हीकडून शिव्या. तरी ते काम पार पाडले. शस्त्र न घेता रथावर बसण्याची रीत एका राज्यालाही साधू शकते, ती अशी.

२००३ साली दुसरा प्रसंग आला. अमेरिकेने इराकवर स्वारी केली. आपल्या लोकसभेत त्या एप्रिलात ठराव झाला. त्यात कोणता शब्द घालावा यावर बरीच ओढाताण झाली, आणि हिंदी पाठात 'निंदा' हा शब्द आला. पुढे इराकमध्ये भारताने फौज पाठवावी अशी अमेरिकेची मागणी आली. वर्तमानपत्रांत, पक्षांत, निवृत्त सेनाधिकाऱ्यांत उघड चर्चा झाली. मैत्री वाढेल, कंत्राटे मिळतील, असेही सांगणारे होते. शल्याच्या वाटेवरचे मांडव ते हेच! १४ जुलै २००३ रोजी अटलबिहारी वाजपेयींच्या सरकारने ठरविले, की संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्यावाचून फौज जाणार नाही. तो नकार आम्ही योग्य मानतो. परंतु आमचेच माप आम्हांलाही लावले पाहिजे. 'नाही' म्हणून झाल्यावर इराकातल्या उद्ध्वस्त घरांची आठवण आपल्यापैकी किती जणांना राहिली? आपली पोरे वाचली या समाधानात त्यांची पोरे विसरली गेली असतील, तर तो नकार बरोबर असूनही अर्धाच होता.

शेवटी चोखोबांची आठवण केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू होते. त्या कामावर चोखोबा होते. कूस कोसळले आणि ते इतर मजुरांसह त्याखाली गाडले गेले, असे परंपरा सांगते. कूस कशासाठी? गावाच्या रक्षणासाठी. आणि चोखोबांचे घर कोठे? कुसाच्या बाहेर! ज्या भिंतीच्या आत त्यांना जागा नव्हती, त्या भिंतीखाली त्यांनी जीव दिला. १९३९ साली मुंबईच्या सभागृहात जो प्रश्न उभा राहिला, तो सहाशे वर्षांपूर्वी मंगळवेढ्याच्या मातीत पडलेला होता.

पुढे नामदेवराय मंगळवेढ्यास गेले. दगडमातीचा ढीग उपसून एक-एक हाड त्यांनी कानाशी धरले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची म्हणून त्यांनी ओळखली, पंढरीस आणली, आणि देवाच्या महाद्वारात त्यांची समाधी झाली. आपण तेथे माथा टेकून पुढे जातो. पण नामदेवरायांनी तेथे काय केले, ते पुन्हा एकदा मनात आणून पाहा. त्यांनी ढिगाला 'इतके मेले' म्हणून आकडा दिला नाही. प्रत्येक हाड हातात घेतले. चोखोबा सापडेपर्यंत जी दुसरी हाडे त्यांनी कानाशी धरली, तीही कोणाची तरी होती. त्यांची नावे आपल्या कीर्तनात येत नाहीत.

तेव्हा वारकरी मंडळींनो, पुढे केव्हा तरी हा वाद पुन्हा उठेल. सभा होतील, मिरवणुका निघतील, दोन्हीकडचे वक्ते घसा कोरडा करतील. आपण कोणाच्याही बाजूचे असा. त्याला आमची हरकत नाही. बोलणाऱ्याला एवढे मात्र विचारा, की तू हो म्हणतोस किंवा नाही म्हणतोस, त्यात तुझे काय जाणार आहे? आणि ज्यांचे जाणार आहे, त्यांची नावे तुला ठाऊक आहेत काय? उत्तर आले तर त्याचे पुढचे ऐकून घ्या. न आले, तर टाळ उचला आणि आपल्या गावातले जे पोर फौजेत आहे त्याच्या घरी जाऊन बसा. त्याच्या आईला विचारावयाचे कोणाला तरी राहून गेलेले असते.